पेपरचा वारा

दादाची मुलगी ईरा पॉडकास्ट सुरू करते आहे. आवाज साफ करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हे ठरेना, म्हणून ती एकेक लावून बघते आहे. परीक्षेला आहे आमच्याकडची जुनी कॅसेट. दादा मस्कतला नोकरीला गेला, तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी भरलेली.

त्या दुपारी बाबांनी आधी पंखा बंद करायला लावला. "घरघर येते टेपमध्ये." आम्ही घामाघूम होऊन, श्वाससुद्धा जपून घेत बसलो. बाबा खाकरून घरच्या हकिकती सांगू लागले. आईला किती विनवलं, पण "मला नाही बाई त्या डब्याशी बोलता येत," म्हणाली आणि घडी घातलेल्या पेपरने बाबांना वारा घालत राहिली.

आजच्या सॉफ्टवेअरने एका क्षणात सगळी खरखर पुसली. बाबांचा आवाज इतका स्वच्छ झाला, जणू खोलीत ते एकटेच होते.

"आत्या, काय क्लिअर आहे! हेच घेऊ या."

"आणि आजी?"

"आजी कुठे आहे यात?"

खरंच, कुणाच्या तरी बोलण्यामागे किती माणसं अशीच राहून जातात. मी तिला मूळ कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. बाबा बोलता बोलता थांबले, की त्या शांततेत ऐकू येत होतं : फट्... फट्... फट्. संथ, न थकता.

"ही बघ," मी म्हटलं.