खांबामागच्या दोघी

थोरली आणि धाकटी यांच्यातून अकरा वर्षं विस्तव जात नव्हता, आणि का, ते त्या दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. नातेवाइकांनी आपापल्या सोयीनं कारणं ठरवून टाकली होती. कुणी म्हणे, आईची खोली कुणाकडे जायची यावरून बिनसलं. कुणी म्हणे, धाकटीनं लग्न केलं नाही म्हणून थोरली तिला घालूनपाडून बोलली. थोरलीचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. त्याला विचारलं तर तो हात झटकायचा, "मला इंजिनं खोलता येतात, बहिणी नाही." खरं कारण एक संगीत नाटक होतं, आणि तेही दोघींनी शेजारी बसून एकोणीस वेळा पाहिलेलं. एवढ्यावरून कुणी बोलणं टाकतं का, असं ज्याला वाटेल त्याला बहीण नसावी.

दोघी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होत्या. थोरली सतराव्या वर्षी लागली, तीन वर्षांनी धाकटी तिच्या मागोमाग आली. दोघींकडे चादरींच्या घड्या होत्या. इस्त्रीच्या रोलरमधून निघालेली गरम चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसरीनं, ताणून एक झटका द्यायचा आणि समोरासमोर चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. मशीनच्या घरघरीत लांबून बोललेलं ऐकूच यायचं नाही. म्हणून समोर आलं की एक वाक्य बोलून घ्यायचं, मागे जायचं, आणि उत्तर पुढच्या फेरीत ऐकायचं. अशा तुकड्यांनी त्या दिवसभर बोलायच्या, आणि बोलणं कधी तुटायचं नाही. मुकादमीण म्हणायची, या दोघींना वेगळं केलं तर चादरी निम्म्याच होतील, पण कानाला आराम पडेल.

हॉटेलच्या मागे दोन गल्ल्या सोडून नाट्यगृह होतं. शंभर वर्षांहून जुनं, लाल खुर्च्यांचं, वरच्या गॅलरीला खालून लोखंडी खांबांचा टेकू दिलेलं. शेवटून दुसऱ्या रांगेत एका खांबाच्या बरोबर मागे दोन खुर्च्या होत्या आणि सगळ्या थिएटरात त्याच सर्वांत स्वस्त. तिकीटवाला प्रामाणिक माणूस. देतानाच सांगायचा, "बाई, अर्धंच दिसेल." थोरली म्हणायची, "आम्ही दोघी आहोत."

तिचं म्हणणं बरोबरच होतं. डावीकडच्या खुर्चीतून रंगमंचाचा डावा भाग दिसायचा, उजवीकडच्या खुर्चीतून उजवा. डावी थोरलीनं घेतली, कारण ती थोरली होती, आणि पुढे तीस वर्षं त्यात बदल झाला नाही. रविवारी दुपारचा खेळ पाहून दोघी चालत घरी निघायच्या आणि वाटेत नाटक जुळवायच्या. "आता तुझ्याकडचं सांग," एक म्हणायची, आणि दुसरी सांगायची. कोण कुठून आलं, कुणी पाठ फिरवली, गाणं चालू असताना मागे कोण काय करत होतं. घर येईपर्यंत नाटक पुरं व्हायचं. पुढच्या ओळींतल्या पैसेवाल्यांनी एकदा पाहिलेलं नाटक या दोघींनी दोनदा पाहिलेलं असायचं, एकदा डोळ्यांनी, एकदा कानांनी.

सगळ्यांत लाडकं होतं ते घड्याळजीचं नाटक. नाटक मंडळी वर्षा-दोन वर्षांनी ते घेऊन यायची. मुलगी दूरदेशी निघाली म्हणून एक घड्याळजी गावातली सगळी घड्याळं बंद पाडून ठेवतो, अशी गोष्ट. थोरलीच्या बाजूला बापाचं दुकान होतं, धाकटीच्या बाजूला ट्रंकेवर बसलेली मुलगी. शेवटी निरोपाचं मोठं गाणं. आणि त्या गाण्यात, दोघींनी एकमेकींना शंभरदा सांगितलं असेल, कोपऱ्यात एक झाडूवाली मुलगी असायची. तिला एकही ओळ नव्हती. गाणं संपेपर्यंत ती एकच जागा झाडत राहायची आणि शेवटच्या सुरावर खाली पडलेला रुमाल उचलून हळूच कमरेला खोचायची. घड्याळजी आणि त्याची मुलगी लोकांना रडवायचे, या दोघींना ती झाडूवाली रडवायची. धुलाईघरात चादर झटकताना एकीनं नुसती झाडल्यासारखी मनगटं हलवली की दुसरीच्या डोळ्यांत पाणी, आणि मुकादमिणीच्या कपाळाला आठ्या.

मग थिएटर दुरुस्तीसाठी बंद होणार असल्याचं कळलं. शेवटचा खेळ याच नाटकाचा. तिकिटं हा हा म्हणता संपली, खांबामागचीसुद्धा. आणि नेमका तेव्हाच हॉटेलच्या मॅनेजरनं इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल थोरलीला एक पास दिला. एकच. चौथी रांग, मधोमध.

इथं थोरली चुकली. पास धाकटीला देता आला असता, परत करता आला असता, निदान सांगता तरी आलं असतं. तिनं यांतलं काही केलं नाही. दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाते, असं सांगून ती निघाली आणि चौथ्या रांगेत जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा बाप आणि मुलगी तिला एकाच वेळी दिसले. दोघं एकमेकांकडे बघून गात होते, हे एकोणीस वेळा पाहून तिला कळलं नव्हतं. ते सांगायला ती वळली आणि शेजारच्या खुर्चीत कुणीतरी परका माणूस बसलाय हे जाणवून तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं रंगवलेलं एक खोकं होतं आणि भिंतीला टेकवलेली शिडी. झाडूवाली नव्हती. गाणं संपलं तरी आली नाही. थोरलीनं शेजारच्या माणसाला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "कसली झाडूवाली? मी पाचव्यांदा पाहतोय."

लाजेपेक्षा राग बरा असतो, तो दुसऱ्यावर काढता येतो. थोरली तरातरा घरी आली. दाढेसाठी म्हणून धाकटी तिच्याकडे येऊन गरम पाण्यात मीठ घालून बसली होती.

"दाढ काढली?"

"तू मला इतकी वर्षं खोटं सांगत आलीस," थोरली म्हणाली. "आज मी पुरं नाटक पाहिलं. तुझ्या बाजूला काहीसुद्धा नाही. सगळं मनचं!"

धाकटीनं यातलं एकच वाक्य ऐकलं. "तू गेलीस? मला सोडून?"

त्यानंतर जे बोलणं झालं त्यात नाटक राहिलं बाजूला, लहानपणापासूनचं सगळं निघालं. थोरली माफी मागायला तयार नव्हती, कारण तिला फसवलं गेलं होतं. धाकटी खुलासा करायला तयार नव्हती, कारण तिला टाकून दिलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटीनं टॉवेलांच्या खात्यात बदली मागून घेतली. थोरलीला घड्यांसाठी दुसरी जोडीदारीण मिळाली. बिचारी भली होती, पण समोर आली की फक्त "हं" म्हणायची. पुढे दोघी निवृत्त झाल्या, तेही एकमेकींच्या निरोपाला न जाता.

थोरलीला बहीण आठवत नव्हती असं नाही. रोज आठवायची. पण पहिला शब्द कुणी बोलायचा, इथं गाडं अडलं होतं, आणि अकरा वर्षांत ते इंचभर हललं नाही.

दुरुस्ती एकदाची संपून थिएटर उघडायची वेळ आली तेव्हा तिथल्या लोकांनी गावभर कार्डं वाटली. वाचनालयात, दवाखान्यांत, दुकानांत. कार्डावर दोन प्रश्न होते. या थिएटरातली तुमची आठवण कोणती? पुढे कोणतं संगीत नाटक पाहायला आवडेल? थोरलीनं कार्ड आणलं आणि कोरंच फ्रिजवर चिकटवून ठेवलं. पंधरा दिवसांनी थिएटरातून फोन आला. एक तरुण मुलगी बोलत होती. म्हणाली, "काकू, एका कार्डावर तुमचा नंबर आहे, साक्षीदार म्हणून. एकदा येऊन जाल का?"

साक्षीदार म्हटल्यावर नवरा म्हणाला, "वकील करू का?" थोरली त्याच्याकडे न बघताच चपला घालून निघाली.

थिएटरात व्हार्निशचा वास भरला होता. खुर्च्यांवर अजून प्लास्टिक होतं. खांब होता तिथंच होता. "तो काढता येत नाही," मुलगी म्हणाली. "ऐतिहासिक आहे. त्याच्यामागच्या दोन खुर्च्या मात्र आता आम्ही विकणार नाही." थोरलीला ते उगाच लागलं. मुलीनं टेबलावर कार्डांचा ढीग ठेवला होता आणि ती त्यांना वैतागलेली दिसत होती. नऊशे लोकांनी लिहिलं होतं. त्यातल्या दीडशे जणांचं लग्न म्हणे याच गॅलरीत ठरलं होतं. एकाला फक्त मध्यंतरातलं आइस्क्रीम आठवत होतं. पुढे काय पाहायला आवडेल, यावर सर्वाधिक मतं होती स्वच्छतागृहाला.

"पण उद्घाटनाला आपण घड्याळजीचंच नाटक करतोय," मुलगी म्हणाली. "जुन्या प्रयोगाचं चित्रीकरण कुठंच नाही. म्हणून दिग्दर्शक ही कार्डं वाचतायत. त्यांना हे एक फार आवडलंय. त्यांचं म्हणणं, ही मुलगी खरंच नाटकात होती का ते आधी विचारा."

अक्षर धाकटीचं होतं. थोरलीनं चष्मा लावला, काढून पुसला, परत लावला.

"निरोपाच्या गाण्यात," धाकटीनं लिहिलं होतं, "एक झाडूवाली मुलगी असायची. मी तिला कधी पाहिलं नाही. मी खांबाच्या उजवीकडे बसायचे आणि ती डाव्या कोपऱ्यात असायची, ताईच्या बाजूला. ताई मला घरी जाताना सांगायची. नाटकातलं मला सगळ्यांत जास्त तेच आवडायचं. खात्री करायची असेल तर ताईला विचारा." खाली फोन नंबर. दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, "हेच नाटक. शेजारी कोण बसतंय त्यावर आहे."

थोरलीनं ते तीनदा वाचलं. डाव्या कोपऱ्यात? डावा कोपरा तर तिचा होता. तिथं दुकानाचं कपाट होतं, त्याच्या फळ्यासुद्धा तिला पाठ होत्या. तिथं कधीच कुणी नव्हतं. म्हणून तर झाडूवाली उजवीकडे असणार असं ती धरून चालली होती. आणि धाकटी तीस वर्षं तिला डावीकडे धरून चालली होती. झाडूवालीचं पहिल्यांदा कोण बोललं? थोरलीनं आठवायचा फार प्रयत्न केला. वाट आठवली, चालणं आठवलं, धाकटीचा हात दंडाला घट्ट धरलेला आठवला. पहिला शब्द कुणाचा, ते काही केल्या आठवेना. कदाचित तिचाच असेल. ज्या बहिणीला खोटारडी म्हणून ती अकरा वर्षं ताठ बसली होती, तिनं एक अक्षरही खोटं सांगितलं नसेल.

"काकू? होती ना ती?"

होती म्हटलं की काम झालं असतं. धाकटीचा शब्द राहिला असता, दिग्दर्शकही खूश. पण ज्या गोष्टीवरून तिनं बहिणीला खोटं पाडलं, तिथं आता स्वतः खोटं बोलायला थोरलीची जीभ वळेना.

"नव्हती," ती म्हणाली. "लिहून घे. डावीकडे नव्हती, उजवीकडेही नव्हती. मी चौथ्या रांगेतून पाहिलंय. ती आम्ही दोघींनी मिळून केलेली आहे."

मुलीचं तोंड उतरलं. "मग नको घालायला."

"तसं कुठं म्हटलं मी? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समज. मला पाहायला आवडेल. फक्त कोपऱ्यात नको, मधोमध ठेवा. कुठूनही दिसली पाहिजे."

मुलीनं ते लिहून घेतलं, मग टेबलाच्या खणातून दोन पास काढून दिले. उद्घाटनाचे, रविवार दुपारचे, शेजारशेजारचे. थोरलीनं ते पर्समध्ये टाकले आणि घरी न जाता बस पकडली.

धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार तिनं अर्धंच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते, हे थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यांचा फोन आला वाटतं," धाकटी म्हणाली.

"आला. जाऊनही आले."

"काय सांगितलंस?"

"ती नव्हती. माझ्या बाजूला नव्हती, धाकटे. मला वाटायचं तुझ्या बाजूला आहे."

धाकटी दार धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब उलगडत गेलेला थोरलीला दिसत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तू मला खोटारडी म्हणालीस, ते हिच्यावरून?"

"हिच्यावरून. चुकलं माझं. आणि एकटी गेले, ते त्याहून चुकलं. ते मला तिथं बसल्या बसल्याच कळलं होतं. कबूल करायला अकरा वर्षं लागली."

जिन्यावरून शेजारच्या घरातली बाई भाजीची पिशवी घेऊन वर आली, दोघींकडे बघत आपल्या दाराशी गेली आणि कुलूप उघडायला नको तितका वेळ लावला. थोरलीनं पर्समधून पास काढले. एक आपल्याकडे ठेवावा असं तिच्या मनात आलं होतं. तिनं दोन्ही पुढे केले.

"दोन्ही तुझ्याकडे ठेव. मला न्यायचं, की दुसऱ्या कुणाला, की एकटीनं जायचं, ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही."

धाकटीनं पास घेतले, उलटसुलट करून पाहिले, डोळ्यांजवळ नेऊन खुर्च्यांचे नंबर वाचले. मग त्यांतला एकही परत न देता तिनं दोन्ही गाउनच्या खिशात घातले.

"ठरवेन मी," ती म्हणाली. "तुला घरी बसवलं तर कळेल तुला."

"हो."

"आणि या वेळी दाढ दुखतेय म्हणालीस तर याद राख."

"नाही म्हणणार."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, मग दार पूर्ण उघडलं.

"रविवारी कितीला निघायचं?"