शैलजाताईंनी न घेतलेलं नाव

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. कुणी विचारलंच तर ‘ताईंची तब्येत बरी नसायची, म्हणून बैठक बंद केली’ असं सांगत आलो. दीड महिन्यापूर्वी इथे सिंगापुरात एमआरटीच्या गाडीत बसलो असताना मोबाइलवर वाचलं, शैलजाताई गेल्या. निरोपाखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती. त्यातले बरेच जण एके काळी त्यांच्याबद्दल नको ते बोलले होते, आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती. मीही हात जोडले...

शैलजाताई समुपदेशक होत्या. दिवसभर लोकांची दुःखं ऐकायच्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी आंग मो किओच्या आपल्या फ्लॅटमध्ये आम्हा सात-आठ मराठी माणसांना जमवायच्या. अर्धा तास ध्यान, मग ज्याला मन मोकळं करायचंय त्यानं बोलायचं, मग चहा, आणि शेवटी ज्याचा त्यानं कप धुवायचा. बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या मला ते कप धुणं खटकायचं. नियम एकच होता : इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही.

पत्नी गेल्यावर मी तिथे जाऊ लागलो. काही महिन्यांनी एका गुरुवारी ध्यानात मला काहीतरी झालं. देह नाहीसा झाला, नुसता उजेड उरला, डोळ्यांचं पाणी थांबेना. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि ताई त्याला काय नाव देतात याची वाट पाहत बसलो.

“छान झालं, आपटेसाहेब,” त्या म्हणाल्या. “आता मुलाला फोन कराल?”

त्याच्या आईच्या तेराव्यापासून मुलगा आणि मी बोलत नव्हतो, हे बैठकीत मीच सांगितलं होतं. कुणीतरी हसलं. माझा उजेड तिथेच विझला आणि राग मात्र राहिला.

पुढच्या महिन्यात बैठकीतली केतकी सगळे गेल्यावर मागे थांबली. (नाव बदललं आहे. तिला विचारूनच लिहितोय. ती एवढंच म्हणाली, “तुम्हाला आता हलकं व्हायचंय का, काका? लिहा.”) मी स्वयंपाकघरात कप धूत होतो. उदासीसाठी गोळ्या घेते, नवऱ्याला माहीत नाही, असं ती बाहेर ताईंना रडत सांगत होती. मी नळ बंद करून ऐकलं.

गणपतीत मोदक वळायला जमलेल्या मंडळींना मी ध्यानाचं महत्त्व समजावत होतो. खरं ध्यान लागलं तर गोळ्या कशाला लागतील, असं म्हणता म्हणता केतकीचं उदाहरण देऊन बसलो. तुम्हाला कसं कळलं, असं एकीनं विचारलं. “ताईच म्हणाल्या,” मी म्हणालो. दोनच शब्द. आठवड्याभरात ते तिच्या नवऱ्यापर्यंत पोचले, आणि पुढच्या गुरुवारी आंग मो किओच्या त्या दाराबाहेर चपलांचे दोनच जोड होते. ताईंचा आणि माझा.

मी गेलो होतो तो ताईंना काय कळलंय याचा अंदाज घ्यायला. कुणी सांगितलं ते लोकांना सांगत का नाही, असंही वर तोंड करून विचारलं. स्वयंपाकघरात त्या दिवशी कोण होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“तो माझ्याच बैठकीतला आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाव घेतलं तर मीही उंबऱ्याबाहेरच नेलं ना? झेपेल तेव्हा बोलेल तो. चहा घ्या.”

मी चहा घेतला, कप धुतला आणि निघालो. वर्षभरात मी माझ्या कॉन्डोत बैठक सुरू केली. त्यांचीच माणसं माझ्याकडे आली. काकांकडे काय शांत वाटतं, असं म्हणायची. मी ऐकून घ्यायचो.

त्या आजारी आहेत कळल्यावर एकदा गेलो. वाटेत वाक्यं घोकली होती. त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, “मुलाला फोन केलात?” मी हो म्हणालो. केला नव्हता. त्या खोट्यावर माफी कशी ठेवणार? उठून आलो.

गेल्या रविवारी त्यांच्या मुलीला भेटायला गेलो. तिनं चहा दिला, तो मी गुरुवारी घ्यायचो त्याच पिवळ्या कपात. तिला हे काही माहीत नाही. कप धुवायला आत गेलो आणि सिंकपाशी उभा राहून म्हणालो, ताई, ते मी सांगितलं होतं, आणि नाव तुमचं घेतलं होतं. मुलगी बाहेर बसली होती. ऐकण्यासाठी त्या दिवशी मी नळ बंद केला होता. बोलताना मात्र तो चालूच ठेवला.