बाटली क्रमांक एकतीस

आमच्या रसायनशास्त्र विभागाबाहेर भिंतीला एक काचेची पेटी आहे. कोणाचा निबंध कुठे छापून आला, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणत्या पोस्टरला बक्षीस मिळालं, ते वर्षभर तिच्यात लागतं. दीड वर्षापूर्वी तिच्यात आमचा निबंध लागला. मेहकर तालुक्यातल्या हापशा आणि विहिरी, आणि त्यांच्या पाण्यातलं फ्लोराइड. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. काही दिवस मी मुद्दाम त्या पेटीवरून जायची. नंतर मागच्या जिन्याने वर्गात जायला लागले.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. उरलेली पत्रकं आई फडताळात डब्यांखाली अंथरायची आणि मी त्यांच्यावरच अक्षरं शिकले. प्रत्येक पत्रकात दोषी कोण ते पहिल्या चार ओळींत लिहिलेलं असायचं, आणि तो कधीच आपल्यातला नसायचा. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी पाण्याचा प्रकल्प घेतला तेव्हा मी एकच अट घातली. निकाल आधी गावात जाऊन वाचून दाखवायचे, मग छापायचे. सर हसून हो म्हणाले. पुढे निबंध पाठवायची तारीख जवळ आली आणि क्रम उलटा झाला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

ती वस्ती हिवरा आश्रमाच्या पुढे, मूळ गावापासून वेगळी, माळावर आहे. वस्तीला एकच हापशी. तिच्या दांड्यावर लाल रंग फासलेला होता, म्हणजे हे पाणी पिऊ नका अशी सरकारी खूण. गावच्या टाकीवरून वस्तीपर्यंत नळ आणायचं पंचायतीत मंजूर झालं होतं. तोवर बाया प्यायचं पाणी गावच्या विहिरीवरून आणत, बाकी सगळ्याला हापशी.

आम्ही गेलो ती वैशाखातली दुपार होती. नमुना घ्यायचा नियम साधा आहे. हापशी आधी काही मिनिटं नुसती मारायची, साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, मग बाटली थेट तोटीखाली धरायची. सर शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर गेले होते. मी हापशीकडे निघाले तर पहिल्या घरातल्या मावशीने मला कडुनिंबाखाली बसवलं. चेहरा किती लाल झाला पोरी, म्हणाली, तू बस, पाणी मी देते. मी बाटली पुढे केली. तिने आतून कळशी आणली, आधी मला तांब्याभर प्यायला दिलं. मी प्याले, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली, भरली, बूच लावलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: एकतीस, वस्ती, हापशी. हापशी वीस पावलांवर होती. मी उठले नाही.

प्रयोगशाळेत एकतीसचा आकडा आला तेव्हा मला आनंद झाला. सगळ्या तक्त्यात ते पाणी सर्वांत चांगलं होतं, आणि त्याच हापशीला सरकारने लाल रंग लावला होता. सरकारला चुकताना पकडायची संधी मी कशी सोडणार? सरांना जरा शंका आली होती. मीच त्यांना म्हटलं की खडक हातभर अंतरावर बदलतो. निबंधाच्या शेवटी ‘या हापशीवरील लाल खूण प्रशासनाने पुन्हा तपासावी’ हे वाक्य माझं आहे. मला ते फार आवडलं होतं.

जानेवारीत मी निकाल वाचून दाखवायला वस्तीवर गेले. निबंधाची प्रत पंचायतीत माझ्याआधी पोचली होती हे मला ठाऊक नव्हतं. हापशीवर लाल रंग दिसला नाही, खरवडून काढलेला होता. मी कागद काढला आणि सांगितलं की तुमचं पाणी पिण्याजोगं आहे. वीसेक माणसं होती. मग ओट्यावरचे एक म्हातारे शेजारच्याला म्हणाले, “हे पाय बे, आपल्या हापशीचं पाणी कालेजात जाऊन शिकून आलं.” बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पदर खाली आले तेव्हा मला त्यांचे दात दिसले. तपकिरी, आडव्या रेघांचे, लाल खूण लागण्याआधी वर्षानुवर्षं प्यालेल्या फ्लोराइडचे. एकीने मला स्वतःच्या मुलीचे गुडघे दाखवले. ती विशीची होती आणि भिंतीला धरून उठली.

मी मावशीकडे वळले. तुम्हीच तर पाणी दिलं होतं, म्हटलं.

“तुले देल्लं ते गावातल्या विहिरीचं होतं,” ती म्हणाली. “उन्हातून आलेल्या पावन्याले हापशीचं पाणी कोन देते?”

मी म्हटलं, मला तपासायला हवं होतं.

“तपासाले असो का प्याले असो. पावन्याच्या हातात द्याचं तं चांगलंच देते मानूस.”

ती जराही ओशाळली नव्हती आणि ओशाळायचं कारणही नव्हतं. उठून तोटीपर्यंत जाणं हे माझं काम होतं. पुढचं सगळं तिने सांगितलं. निबंध आल्यावर नळाचं काम पंचायतीने बाजूला ठेवलं, कारण वस्तीचं पाणी चांगलं निघालं. गावच्या विहिरीवर बाया कळशी घेऊन गेल्या तर तिथले लोक म्हणायला लागले की तुमचं पाणी पास झालं, आता आमच्या विहिरीवर काऊन येता. दोनदा भांडण झालं. तिसऱ्यांदा कोणी गेलं नाही. आता प्यायलाही हापशीच.

“चुकलं म्हनून लेहून दे,” मावशी म्हणाली. “तुयाच कागदानं बंद झालं ते तुयाच कागदानं चालू होईन.”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. गरीब मुलांची फी त्यांनी गुपचूप भरलेली मला माहीत आहे. महाविद्यालयाच्या तपासणीला समिती येणार होती. संशोधनाच्या पानावर पहिला निबंध आमचा होता. माझी पीएच.डी.ची नोंदणी त्याच निबंधावर व्हायची होती.

“समिती जाऊ दे,” सर म्हणाले. “पुढच्या निबंधात दुरुस्त करू. एका हापशीने काही बिघडत नाही.”

मी तिथेही हो म्हटलं. याच वाक्यावर दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर मी चौकात उभी राहून पत्रक वाटलं असतं.

समिती आली, गेली. नोंदणी झाली. फेब्रुवारीपासून मला सवय लागली की नळाखाली पेला धरला की हात थांबतो. प्रयोगशाळेत एकतीस नंबरची चिठ्ठी कधी कुठल्या बाटलीवर दिसायची, जवळ गेलं की वेगळाच आकडा असायचा. जिन्याच्या दाराची बिजागरी हापशीच्या दांड्यासारखी करकरते, हे पाच वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं. वस्तीतून फोन येईल असं रोज वाटायचं. मावशीकडे माझा नंबर होता. तिने एकदाही केला नाही. ती वाट बघत होती की तिने मला सोडून दिलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

जुलैमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा संदेश आला. तिने आमच्या निबंधाचा आधार घेतला होता, आणि एकतीस नंबरच्या हापशीवर एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता की लाल खुणा कशा बेभरवशाच्या असतात. आभार मानले होते. मी तिला खरं काय ते कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. प्रबंध जमा झाला आहे, म्हणाली, आता काय करू?

त्याच आठवड्यात मी वस्तीवर गेले, हापशी स्वतः मारली, बाटली तोटीखाली धरली. सरांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली आणि काही विचारलं नाही. आकडा तोच आला जो वस्तीतल्या दातांवर आधीपासून होता. मी नियतकालिकाला आणि पंचायतीला द्यायचं दुरुस्तीचं पत्र लिहून सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं. दोन दिवस ते टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी त्यावर सही होती आणि सर रजेवर होते.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. बाटली मी भरली, चूक माझी, लाल खुणेबद्दलचं वाक्यही माझं, एवढंच बोलले. जानेवारीत कळलं आणि ऑगस्टमध्ये सांगते आहे, हेही सांगितलं. मागून एकजण म्हणाला की समितीची वाट पाहत होत्या मॅडम. हशा झाला. त्याला ते कसं कळलं होतं कोण जाणे, पण खोटं नव्हतं. ग्रामसेवकाने पत्र दोनदा वाचलं, ठरावाच्या वहीत घेतलं. नळाचं काम पुन्हा धरायचं ठरलं. तोवर गावच्या विहिरीवर वस्तीला अडवायचं नाही, असंही लिहून घेतलं.

सभा उठल्यावर मावशी भेटली. आभार नाही, राग नाही. नळ कधीपर्यंत येईन, एवढं विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत म्हणतात. तिच्या कडेवर नात होती, दोन-अडीच वर्षांची. झेंडावंदनाची चॉकलेटं मिळाली होती, ती खात ती माझ्याकडे बघून हसत होती. दात पांढरे शुभ्र. मावशी म्हणाली, “पोरीचे दात चांगले हायेत बरं. हिले नाही लागलं.”

मी मान हलवली. दुधाचे दात पांढरेच असतात. कायमचे दात आत्ता हिरडीच्या आत तयार होत असतात, आणि त्या दिवसांत पोटात गेलेलं पाणी त्यांच्यात बसतं. ते सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर येतात, तेव्हा दिसतं. निदान जानेवारी ते ऑगस्ट ती पोर हापशीचं पाणी प्याली आहे. दातांचं हे सगळं मी विद्यापीठाच्या परीक्षेत चित्र काढून लिहिलं आहे. मावशीला मी ते सांगितलं नाही. ती पोर पुढे झुकून माझ्या चष्म्याला चिकट हात लावत होती, आणि मी तिच्या हिरड्यांकडे बघत उभी होते.