दुसऱ्याच्या जिभेवर उतरलेली काहील

एकोणीसशे सत्त्याण्णव साल. मी बावन्न वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतच, पण यवतच्या बाजूला माझ्या तोडीचा गुळव्या नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. उसाच्या रसाचा एक थेंब जिभेला लागला की मला कळायचं, रस खारट आहे की आंबट, चुना किती टाकायचा.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतला तो पहिला शुक्रवार. त्या शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत मी पाण्याशिवाय काही तोंडात घेत नाही. तरी बायकोनं भाकरी बांधून दिलीच.

"तुम्हाला न्हाई ही. दौंडच्या चर्चात पाळक काय बोलले? आपण न खाल्लेली भाकरी दुसऱ्याच्या पोटात गेली तर तो उपास, न्हाईतर नुसती बचत."

मी ते फडकं गुऱ्हाळावर नेऊन खुंटीला अडकवलं आन् विसरलो.

नेमका त्याच दिवशी नव्या रानातला ऊस आला; त्याच्या रसाला चुना किती लागेल, अंदाज नव्हता. रस काहिलीत, त्या मोठ्या कढईत, पडला, खाली चुलवण पेटलं.

"मामा, चव बघा," गुऱ्हाळाचा मालक म्हणाला.

"आज उपास हाय."

"थेंबानं मोडतोय व्हय? आमच्या एकादशीला साबुदाणा चालतो, तुमच्यात थेंब चालंना?"

"न्हाई चालत. तुम्हीच चाखा."

"मला तंबाखूपुढं काय कळतंय? पर काहील बिघडली तर उद्यापास्नं येऊ नका, मामा. सांगून ठिवतो."

मी पेटलोच. काम गेलं तरी चालेल, उपास मोडणार नाही! पण रस तापत चालला होता, चुन्याची वेळ निघून चालली होती.

चुलवणात चिपाडं सारायला उत्तर प्रदेशातला एक भय्या होता. हंगाम सुरू झाल्यापासून मी त्याच्याशी 'जाळ वाढव, जाळ कमी कर' एवढंच बोललो होतो. तो खालून म्हणाला, "चाचा, हम चख लें? हमारे गाँव में भी गुड़ बनता है."

माझ्यासारख्या गुळव्यानं जाळ घालणाऱ्याची जीभ उसनी घ्यायची? पण दुसरी जीभ होती कुठं? मी पळी पुढं केली. त्यानं डोळे मिटून चाखलं.

"खट्टा है, चाचा. चूना थोड़ा ज़्यादा."

टाकला चुना! वरून मळ सुटायला भेंडीचं पाणी मारलं. मळी अशी फुटून वर आली म्हणता! मी काढतोय, काढतोय, आन् खाली रस नितळ. पुढचं काम हाताचं. आटलेल्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटात गोळी धरली.

"उतरवा!" मी ओरडलो.

गार करायच्या वाफ्यात गूळ पसरला, पिवळाधमक. मालकानं मला पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला.

तेव्हा कुठं खुंटीवरचं फडकं आठवलं. मी ते भय्यापुढं सोडलं. गडी सकाळपासून नुसत्या चहावर होता.

"आप नहीं खाओगे?"

"माझी तू खा आज."

तो खात होता, मी समोर तांब्या घेऊन बसलो होतो. इतकी वर्षं शुक्रवार पाळले, पण देवाला काही पोचलं असं त्या दिवशीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गुळाच्या ढेपेच्या कडेचा खडा फोडला, त्याचे दोन केले. एक भय्याच्या हातावर ठेवला, एक माझ्या जिभेवर. मग मालकाला हाक मारून सांगितलं, "आजपास्नं रस आम्ही दोघं चाखणार."