जिला व्हिसा लागत नव्हता

नायगारा पलीकडून, म्हणजे कॅनडाच्या बाजूने बघायचा असतो, हे आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलेलं आहे. आम्हीही गेलो होतो. पुलावरच्या अधिकाऱ्याने आमची ग्रीन कार्डं पाहिली, भारतीय पासपोर्ट उघडल्यासारखे केले आणि हात हलवून सोडून दिलं. कॅनडात चाललं म्हणजे युरोपातही चालणार, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यात मंडळातल्या एका काकांनी भर घातली. इमिग्रेशनमधलं सगळं त्यांना कळतं असा त्यांचा लौकिक होता. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देता देता ते म्हणाले, "ग्रीन कार्ड आहे ना? मग थोड्या दिवसांसाठी खुशाल जा. नो व्हिसा. आमचे जावई दर वर्षी फ्रँकफर्टवरूनच जातात." जावई फ्रँकफर्टला नुसतं विमान बदलतात, विमानतळाबाहेर पाऊल टाकत नाहीत, हे काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खोदून विचारणं माझ्या स्वभावातच नाही. मला बहुतेक गोष्टी आधीच माहीत असतात.

हे २००७ सालचं. माझी धाकटी बहीण जर्मनीत संशोधन करत होती आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करणार होती. बाबांनी सांगलीहून कळवून टाकलं होतं की आपल्या घरातून कुणीही जाणार नाही. आईचं मत कदाचित वेगळं असेल, पण ते तिला कुणी विचारलं नाही. राहता राहिले मी. लग्न नोंदणी पद्धतीचं, तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत, जेमतेम अर्ध्या तासाचं. बहिणीचं मागणं एकच होतं. "ताई, मुंडावळ्या तू बांधायच्यास. बाकी काही नको. माझ्या बाजूचं एक तरी माणूस तिथे हवं."

शाळेत असताना तिच्या वेण्या मी घालायचे. सैल काम मला खपत नाही. ती "ताई, दुखतंय" म्हणून ओरडायची आणि मी फणीचा एक टोला देऊन आणखी ओढायचे. तिच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत.

फोनवर तिने तीनदा विचारलं, "व्हिसाचं बघितलंस ना?" तिसऱ्यांदा मी चिडले. "चौदा वर्षं अमेरिकेत काढलीत मी. मला शिकवू नकोस." ती गप्प बसली. मी असं बोलले की ती नेहमीच गप्प बसते.

मार्चमध्ये लेकीला शाळेची सुट्टी लागली. ती बारा वर्षांची, इथेच जन्मलेली. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच जाणार होतो. बुधवारी दुपारी तो आम्हाला शिकागोच्या विमानतळावर सोडायला आला. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे अजून होते. लग्न शुक्रवारी होतं.

काउंटरवरच्या बाईने लेकीचा निळा अमेरिकन पासपोर्ट पाहून बाजूला ठेवला. माझा मात्र एकेक पान उलटून पाहिला आणि व्हिसा कुठे आहे म्हणून विचारलं. मी रुबाबात ग्रीन कार्ड पुढे सरकवलं. तिने बराच वेळ काहीतरी वाचलं आणि मग चक्क स्क्रीनच माझ्याकडे वळवला. अमेरिकन पासपोर्टवर नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा नको. भारतीय पासपोर्टवर हवा. ग्रीन कार्ड चालेल ते फक्त विमान बदलण्यापुरतं. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

"तू चेक नव्हतं केलंस?" नवरा म्हणाला.

"तू केलं होतंस?"

व्हिसा मिळायला काही आठवडे लागतात, असं त्या बाईने सांगितलं. नवरा म्हणाला, "कॅन्सल करू या. समरमध्ये सगळे मिळून जाऊ."

"आई, आय कॅन गो," लेक म्हणाली. "मला व्हिसा लागत नाही ना? देन आय विल गो."

मी आधी नाहीच म्हणाले. तिने मावशीला एकदाच पाहिलं होतं, तेही चार वर्षांची असताना. पण बाईने सांगितलं की बारा वर्षांची मुलगी एकटी जाऊ शकते. त्यांचा माणूस तिला तिकडे बाहेरपर्यंत नेईल आणि मावशीचं ओळखपत्र पाहूनच ताब्यात देईल. फक्त आईबापांच्या सह्या लागतील. मला भीती वाटत होती. पण शुक्रवारी बहिणीच्या बाजूला कुणीच नसेल, हे मला त्याहून सहन होत नव्हतं. मी सही केली, मग नवऱ्यानेही केली.

मग मी हातातल्या बॅगेतून मुंडावळ्या काढल्या आणि तिथल्या बाकावर बसले. लेकीला मागे उभं केलं. तिने माझ्या कपाळावर त्या बांधल्या, मी मान हलवली, त्या नाकावर आल्या.

"सैल आहे. पुन्हा."

"पण तुला दुखेल ना."

"दुखू दे. सुटता कामा नये."

रांगेतली माणसं बघत होती. ट्रॉली ढकलत चाललेल्या एका काकू थबकून म्हणाल्या, "अय्या, कुणाचं लग्न?" कपाळावर मुंडावळ्या बांधून बसलेल्या चाळिशीच्या बाईने यावर काय सांगावं? "बहिणीचं," मी म्हणाले. पाचव्या खेपेला गाठ पक्की बसली.

मुंडावळ्या सॅकमध्ये घालून, ती पाठीला लावून लेक विमान कंपनीच्या माणसाबरोबर आत गेली. तिने एकदाच वळून पाहिलं. माझी सूटकेस आम्ही परत गाडीत घातली.

घरी आल्यावर बहिणीला फोन केला. "मी येत नाहीये. माझ्याकडे व्हिसा नाही. पोरगी एकटी येतेय. चूक माझी आहे." हे शेवटचं वाक्य मी तिला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मला माझीच फार लाज वाटत होती. ती म्हणाली, "किती वाजता पोचतेय ती?"

दुसऱ्या दिवशी पोचल्याचा फोन आला, पण माझं लक्ष शुक्रवारकडे लागलं होतं. शुक्रवारी सकाळी सातला फोन वाजला. तिकडे दुपार झाली होती, लग्न लागलं होतं.

"आई, त्यांच्या साइडला ट्वेंटी पीपल होते," लेक सांगत होती. "आपल्या साइडला एकच चेअर. मावशीने तुझ्यासाठी ठेवलेली. मी बसले. अँड मी टाइट बांधलंय. रिअली टाइट."

मग बहिणीने फोन घेतला. हॅलो वगैरे काही नाही.

"ताई, दुखतंय गं."

"सोड मग. झालं ना लग्न."

"नाही सोडणार," ती म्हणाली. "तू आलीस की तूच सोड."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि जर्मनीच्या व्हिसाचा फॉर्म शोधायला बसले.