पर्नेलमावशीची सुई

"गाईचं दिलंस तर तुझ्याच डोक्यावर ओतीन," असं पर्नेलमावशी खाटकाला बजावायची, आणि तो मुकाट्यानं मेंढराचं रक्त द्यायचा. गाईचं रक्त घट्ट होऊन बसतं. मेंढराचं पातळ राहतं. दुपारी दोनला भरलं तर नाटक संपेस्तोवर वाहतं. आमच्या मंडळीला वाहणारंच लागे. थेम्सच्या दक्षिण काठावर आमचं नाटकघर आणि शेजारी अस्वलांची झुंज. तिकडून उठून आलेल्या माणसाला रंगवलेलं पाणी दाखवलं तर तो अक्रोडाची टरफलं फेकून मारतो.

मी त्या मंडळीत वही धरायचो. पडद्याआड उभं राहायचं, कुणी वाक्य विसरला की पुटपुटायचं. मावशी मला "वहीवाले" म्हणायची, आणि वहीकडे कधी बघायची नाही. अक्षरावर तिचा राग होता.

बुटकी बाई. कोपरापर्यंत हात क्षाराच्या पाण्यानं लाल झालेले, पुढचे दोन दात गेलेले. त्या फटीत सुया धरायची आणि तशीच बोलायची. कपडे धुणं तिचंच, पण खरं काम प्रयोगाच्या आधीचं. ज्याला त्या दुपारी भोसकून मरायचं असे, तो तिच्यापुढे हात वर करून उभा राहायचा. आधी अंगावर चामड्याची जाड पट्टी, पट्टीवर रक्ताची पिशवी, वर शर्ट, आणि सगळं टाके घालून पक्कं. कट्यारीचं टोक खरं असे, कारण खोटं टोक पुढे उभ्या असलेल्यांना लगेच कळतं. म्हणजे पट्टी होती म्हणून नट संध्याकाळी घरी जायचा. बार्नबी, आमचा मुख्य नट, रंगात आला की हात आवरत नसे. त्याच्या घावानं एक पट्टी मधोमध चिरली होती, ती मावशीनं खिळ्याला टांगून ठेवली होती. नवा कुणी आला की आधी ती दाखवायची. "नीट उभा राहा. शिंकलास तर वर जाशील."

आमचं सगळ्यात चालणारं नाटक सूडाचं होतं. एका घंटा ओतणाऱ्या कारागिराच्या पोराला सरदाराचा पुतण्या मारतो. दरबार प्रकरण दाबून टाकतो. पोराचं भूत येऊन बापाकडे सूड मागतं, बाप वेडाचं सोंग घेतो, चार अंक चालढकल करतो, आणि पाचव्यात लग्नाच्या मेजवानीत त्या पुतण्याला भोसकतो. मग राहिलेलेही मरतात. बाप बार्नबी. भूत म्हातारा लँबर्ट. तोंडाला पीठ फासून, अंगावर चादर घेऊन, अनवाणी.

ते नाटक लागलं की मावशी पडद्याआडून भुताचा प्रवेश ऐकायची. एकदा लँबर्ट खोकत आत आला तशी म्हणाली, "लँबर्टबाबा, सगळी भुतं सूडच का हो मागतात?"

"लिहिलंय तसं बोलतो, बाई."

"माझा जर्विस आला असता ना, तर आधी पायमोजे मागितले असते. सदान्‌कदा पाय ओले."

जर्विस तिचा एकुलता एक. नावाडी होता, एकोणीस वर्षांचा. आठ वर्षांपूर्वी एक नटूनथटून निघालेला तरुण त्याच्या नावेतून उतरताना चिखलात आपटला, जर्विस हसला, आणि त्या तरुणानं कमरेची कट्यार काढली. घाटाच्या पायरीवर, भर दुपारी. कोर्टात त्याला लॅटिन बायबलातली नेहमीची ठरलेली ओळ वाचायला दिली. वाचता येणाऱ्याला आपल्याकडे पहिल्या वेळी फाशी नाही. अंगठ्याच्या मुळाशी तापलेल्या लोखंडानं अक्षर डागतात आणि सोडून देतात. त्यानं वाचली. सुटला.

"माझ्या पोरानं त्याला मारलं असतं तर माझं पोर लटकलं असतं," मावशी मला एवढंच एकदा म्हणाली. "त्याला वाचता येत नव्हतं ना." पुन्हा तो विषय नाही.

त्या वर्षी पुतण्याचं काम करणारा नट तापानं गेला आणि मालकांनी गावोगाव हिंडणाऱ्या एका मंडळीतून अँब्रोज नावाचा माणूस आणला. तिशीच्या आतला, आवाज गोड, डाव्या हातात कायम मोजा. पहिल्याच तालमीला मला म्हणाला, "माझे डोळे दुखतात. वाचून दाखवाल?" मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तो मलाच म्हणून दाखवायला लागला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला नवल वाटलं. चौथ्या दिवशी हात धुताना त्यानं मोजा काढला आणि मला अंगठ्यावरचं डागलेलं अक्षर दिसलं.

"कुठं झालं हे?" मी विचारलं.

"इथंच. घाटावर." मग खाली बघत म्हणाला, "एक नावाडी होता."

म्हणजे जर्विसला मारणारा तो हाच. त्याला मी काही सांगितलं नाही, मावशीलाही नाही. मालकांना सांगावं तर प्रयोग दोन दिवसांवर आलेला. प्रयोगाच्या सकाळी मी मावशीला म्हटलं, "आज पट्टीचं मी बघतो. तुम्हाला कपड्यांचा ढीग आहे."

"वहीवाले, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का? व्हा बाजूला."

अँब्रोज हात वर करून उभा राहिला. पिशवी डाव्या कुशीला बांधायची, रक्त लागलं तर मोजा फुकट जाईल, म्हणून तीच म्हणाली, "काढ तो." त्यानं काढला. तिचं नाक त्या अंगठ्यापासून वीतभर. सुई थांबली. दातांच्या फटीतल्या दोन सुया तिनं एकेक करून काढल्या, बाहीला टोचल्या.

"कुणाला मारलंस?" तिनं विचारलं.

"एका नावाड्याला. नाव नंतर कळलं. जर्विस."

"मी त्याची आई."

तो हलला नाही. हात वरच होते. खाली घ्यायचे हेही त्याला सुचलं नसावं. मी वही घट्ट धरून दारात उभा.

"का मारलंस?"

"हसला म्हणून. कपडे मालकाचे होते, मी न विचारता घातलेले. चिखल लागला." पुढे म्हणाला, "याहून मोठं कारण नाही, मावशी. मी खूप शोधलं."

"आणि मग वाचून सुटलास. शिकलेला ना."

"मला वाचता येत नाही."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी 'खरंय' अशी मान हलवली. मला तालमीतच कळायला हवं होतं.

"कोठडीत एक म्हातारा चोर होता," अँब्रोज म्हणाला. "त्यानं दोन दिवसांत पाठ करून घेतली. कोर्टात पुस्तक समोर धरलं आणि मी म्हटली. तेव्हा कळलं, आपल्याला ऐकलेलं राहतं. म्हणून तर नट झालो."

"काय आहे तिच्यात?"

"देवाकडे दया मागितलीय."

"दोन दिवसांत?"

"हो."

"दोन दिवसांत तर माझ्या पोरालाही आली असती," मावशी म्हणाली, आणि खाली बसली. खालून फळवालीची आरोळी आली, माणसं जमायला लागली होती. मग ती उठली. म्हणाली, "वहीवाले, बाहेर जा. दार ओढून घ्या."

मी गेलो. बाहेर उभा राहून ऐकत होतो, पण बोलणं नव्हतंच. अँब्रोज बाहेर आला तेव्हा शर्ट शिवलेला होता, वरचे टाके बारीक, एकसारखे. आत काय आहे ते उसवल्याशिवाय कळणार नव्हतं. "पट्टी घातली का?" मी त्याला हळूच विचारलं.

"मी डोळे मिटले होते," तो म्हणाला.

"अरे, मग चाचपून बघ."

"नको." आणि त्यानं मोजा चढवला.

त्या दुपारी मी तीन माणसांची वाक्यं चुकवली. वही हातात, नजर मावशीकडे. ती नेहमीच्या जागी, हात पोटाशी घेऊन. लँबर्टनं बापाकडे सूड मागितला, बार्नबी वेडा झाला, शहाणा झाला, मेजवानी मांडली गेली. पाचव्या अंकात बार्नबीला असा काही रंग चढला की तो चार पावलं धावत गेला आणि मुठीपर्यंत जोर लावला. रक्त उडालं ते पुढच्या उभ्यांच्या टोप्यांवर. अँब्रोज पडला. फार छान पडला, आणि तेच मला आवडलं नाही. पाठोपाठ बाकीचेही पडले.

आमच्याकडे कितीही मेले तरी शेवटी पावा आणि ढोलकं वाजतं आणि मेलेले उठून नाचतात. लोक त्याच्याशिवाय हलत नाहीत. ढोलकं सुरू झालं. राजा उठला, राणी उठली, बार्नबी उठला. अँब्रोज पडलेलाच. मावशी पडद्याला धरून एक पाऊल पुढे आली, प्रेक्षकांना दिसेल इतकी.

मग त्याचा एक गुडघा हलला. तो उठला, वाकडातिकडा, आणि नाचला. नाचता येत नव्हतं त्याला, तेव्हाही आणि पुढेही.

आत आल्यावर त्यानं शर्ट उसवला. पट्ट्या दोन होत्या. वरची फाटली होती. मावशी म्हणाली, "बार्नबीचा हात जड आहे. काढ तो शर्ट. थंड पाण्यात टाकायचाय, डाग बसेल."

दुसऱ्या दिवशी लँबर्टच्या पायात लोकरीचे जाड पायमोजे होते. चादरीखालून दिसले, लोक हसले. मालक भडकले. मावशी म्हणाली, भुताला थंडी वाजत नाही असं कोण बघून आलंय?

त्यानंतर कितीतरी सकाळी ती कपडे पिळायची आणि अँब्रोज बादलीपाशी बसून ती ओळ तिच्याकडून एकेक शब्द म्हणवून घ्यायचा. माझ्याकडे वही होती, मी लिहून देऊ शकलो असतो. त्यांनी मागितली नाही. तिला दोन दिवस नाही, सबंध हिवाळा लागला. जीभ दातांच्या फटीत अडकायची. "पुन्हा," तो म्हणायचा. "दमानं घे की मेल्या," ती म्हणायची. त्याला नावानं तिनं कधी हाक मारली नाही, पण मेल्या म्हणायला लागली, आणि तो 'ओ' द्यायचा.

वसंतात ती आम्हा दोघांना घेऊन जर्विसच्या थडग्याशी गेली आणि ओळ म्हणाली. दोन ठिकाणी चुकली, अँब्रोजनं हळूच पुटपुटून सावरलं. माझं काम त्यानं केलं. देवळाचा कारकून धावत आला. मेलेल्यांसाठी लॅटिन म्हणणं ही पोपच्या लोकांची रीत, राणीची तिला आता बंदी आहे, म्हणाला, वर कळलं तर भारी पडेल.

"राणीच्या कोर्टात चालतं," मावशी म्हणाली, "मग इथं का नाही?" आणि पहिल्यापासून पुन्हा म्हणाली.