शिवण वाचवून

सांगायचं एकच वाक्य होतं: "आत्या, या बसला हात लावू नका, उद्या पुन्हा लागणार आहे." तेवढं सोडून मी बाकी सगळं सांगितलं. संध्याकाळी डेपोच्या फाटकात आत्या खांद्याला पिशवी लावून घरी निघालेल्या भेटल्या आणि मी सुरूच झालो. तुमच्या भाचीनं आज काय काम केलंय, एका दमात सीन दिला, कॅमेरामनसुद्धा गप्प झाला, सिनेमाच्या शेवटी तुमचंही नाव येईल बघा. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं. जेवलास का?" असं विचारलं आणि चालू लागल्या. मीही खूश होऊन घरी गेलो. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण ते मला नेहमीच वाटतं.

सकाळी युनिट डेपोत उतरलं तेव्हा बसच्या मागच्या सगळ्या सीटा शिवून तयार होत्या. नुसत्या शिवलेल्या नाहीत, वर ओल्या फडक्यानं पुसलेल्या. त्याच सीटा आदल्या दिवशी आमच्या नायिकेनं कॅमेऱ्यासमोर ब्लेडनं फाडल्या होत्या, आणि आज त्या फाटलेल्या सीटांमध्ये तिचा चेहरा जवळून घ्यायचा होता. आता तिथे एखाद्या मंत्र्याला बसवता आलं असतं.

आमच्या दिग्दर्शकबाई ओरडत नाहीत. त्यांनी ओरडावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पायरीवर उभं राहून त्यांनी आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सांगितलं होतंत ना?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

कागदावर मी त्या सिनेमाचा 'स्थानिक समन्वयक' होतो. म्हणजे चहा सांगायचा, जनरेटरवाल्याला शोधायचं आणि कुणाचं काही चुकलं की जवळपास उभं राहायचं. ही जागा मला मिळाली ती मी डेपो मॅनेजरांच्या मुलीची शिकवणी घेत होतो म्हणून. सिनेमा होता एका गरीब घरातल्या, बिथरलेल्या मुलीचा. शाळेतून काढलेली, घरात कुणाचं न ऐकणारी. त्या भूमिकेसाठी बाईंनी कितीतरी मुली बघितल्या. सगळ्या छान रडत होत्या. मग बस ठरवायला त्या डेपोत आल्या, आणि तिथे एक पंधरा वर्षांची मुलगी ड्रायव्हरशी भांडताना त्यांना दिसली. भांडण संपेपर्यंत बाई उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हरला, मुलगी निवडली गेली.

ती आत्यांची भाची. डेपोत तिला ब्लेड म्हणतात, आणि त्यामागे गोष्ट आहे. पण आधी आत्या.

आत्या नक्की कुणाच्या आत्या, हे डेपोत कुणी विचारत नाही. मॅनेजर त्यांच्याहून वयानं बरेच मोठे, तेही 'आत्या'च म्हणतात, आणि फायलीवर सही घेताना 'जरा बघता का' म्हणतात. टायरच्या गोदामामागे त्यांची शेड आहे. आत रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, एक लांब टेबल, आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास की नवा माणूस दारात उभ्या उभ्या दोन मिनिटं तत्त्वज्ञ होतो. तिथे बसून त्या फाटलेल्या सीटा शिवतात. सुरुवातीला त्या या शेडमध्ये झाडू मारायला लागल्या होत्या. सीटा शिवणारे म्हातारे मिस्त्री डोळ्यांनी कमी झाले, तेव्हा त्यांना सुई ओवून द्यायला लागल्या. मग एक टाका, मग एक बाजू, मग पूर्ण सीट. मिस्त्री निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी आपली वाकडी सुई टेबलावर ठेवली आणि घरी गेले. ड्रायव्हर मंडळी हसली, आता बाई सीटा शिवणार म्हणून. आत्या म्हणाल्या, "बसणार तर तुम्हीच आहात. हसून घ्या, मग बसून सांगा." बसल्यावर कुणी काही सांगितलं नाही, आणि त्या डेपोत याचा अर्थ पसंती असा होतो.

एक सवय त्यांची मला फार आवडते. बसमधून घरी जाताना त्या जागा असली तरी बसत नाहीत. दांडी धरून उभ्या राहतात आणि कोण कसा बसतोय ते बघतात. मी एकदा म्हणालो, जाड माणसं तुमच्या जिवावर उठत असतील. "छे रे," त्या म्हणाल्या, "जाड माणूस सीटला त्रास देत नाही. बेचैन माणूस देतो."

बेचैन माणूस त्यांच्या घरीच होतं. भाऊ कामासाठी म्हणून परगावी गेला आणि पत्ते बदलत राहिला, शेवटी पत्ताही यायचा थांबला. त्याच्या मुलीला तिची आई आठवत नाही. आत्यांनी तिला वाढवलं, एका खोलीत, जिथे पडद्यापासून पिशवीपर्यंत सगळं रेक्झिनच्या उरलेल्या तुकड्यांचं आहे. मुलगी शाळेत मारामारी करायची, घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. दोन वर्षांपूर्वी एका मार्गावरच्या बसच्या सीटा फाटायला लागल्या. रोज एक. मॅनेजर पोलिसांत जायचं म्हणत होते. आत्या सीटा शिवत होत्या, आणि शिवता शिवता एके दिवशी थांबल्या.

फाडणाऱ्यानं रेक्झिन मनसोक्त कापलं होतं. पण जिथे आत्यांची जुनी शिवण होती तिथे पातं वळलं होतं. प्रत्येक सीटवर. शिवण वाचवून, बाजूनं कापलेलं.

घरी जाऊन त्यांनी भाचीला एवढंच विचारलं, "माझी शिवण का सोडलीस?"

ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "ती तुझी आहे."

"बाकीची सीट पण माझीच आहे," आत्या म्हणाल्या.

मग कळलं की त्या बसमधली पोरं तिला रोज चिडवायची, तुझ्या आत्याला सांग, सीट टोचतेय. आत्यांनी हात उचलला नाही. सकाळी तिला घेऊन स्वतः मॅनेजरांकडे गेल्या आणि फाडणारी ही, माझ्या घरातली, असं उभ्या उभ्या सांगून मोकळ्या झाल्या. मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि शाळा सुटल्यावर हिला तुमच्याजवळ बसवा म्हणाले. तेव्हापासून ती रोज शेडमध्ये येते, फोम धरते, दोरा कापते आणि ड्रायव्हर लोकांशी भांडते. ब्लेड हे नाव डेपोनं ठेवलं. आत्या ते कधी घेत नाहीत.

तर अशा आत्यांनी त्या सकाळी लवकर येऊन बसमध्ये फाटलेल्या सीटा बघितल्या. शूटिंग झालंय हे त्यांना माहीत होतं, झालं म्हणजे संपलं असं त्या समजल्या. मला म्हणाल्या, "माझ्याच पोरीनं फाडलेल्या. बस तशीच रस्त्यावर कशी सोडणार? लोक म्हणतील, हिच्या घरचं हिच्याकडूनच निस्तरत नाही." त्यांनी इतकं मन लावून क्वचितच काही शिवलं असेल. मला त्यांच्याकडे बघवेना.

बस आमच्याकडे त्या दिवसापुरतीच होती, दुसऱ्या दिवशी ती प्रवाशांना लागणार होती. बाईंनी थोडा विचार केला आणि ब्लेडच्या हातात ब्लेड दिलं. पुन्हा फाड, कालच्यासारखंच.

तिनं सीटकडे बघितलं. काल तिथे नुसतं रेक्झिन होतं, आज तिच्या आत्याचे टाके होते.

"हे नाही फाडणार."

बाईंनी समजावलं. हा सीन म्हणजे सिनेमाचा कणा आहे, हे मीही मधे पडून सांगितलं. कणा हा शब्द कदाचित चुकला, कारण तिनं ब्लेड माझ्या बुटांजवळ टाकलं, खाली उतरली आणि टायरच्या ढिगावर जाऊन पाठ करून बसली. बाई हळू आवाजात कॅमेरामनशी बोलायला लागल्या. त्यात 'ती दुसरी मुलगी' असे शब्द होते.

आत्यांनी मला बाजूला घेतलं. आता काय होणार ते खरं सांग म्हणाल्या. आदल्या संध्याकाळचं वाक्य मी गिळलं होतं, म्हणून हे तरी नीट सांगितलं: दुसरी एक मुलगी बघून ठेवलेली आहे, आज हे झालं नाही तर तिला बोलावतील. आत्या ढिगाकडे बघत राहिल्या. एवढ्या दिवसांत पोरगी एकदाही उशिरा आली नव्हती, एकाही माणसाला मारलं नव्हतं, रात्री पुटपुटत वाक्यं पाठ करायची. शाळेनं जिची आशा सोडली होती ती मुलगी पहिल्यांदा काहीतरी धरून बसली होती, आणि ते आता माझ्या विसरभोळेपणामुळे आणि तिच्या आत्याच्या शिवणीमुळे हातचं सुटत होतं.

आत्या बसमध्ये चढल्या. पिशवीतून छोटी कात्री काढली आणि खाली बसून दिग्दर्शकबाईंना म्हणाल्या, "फाडायचं कशाला? उसवते. कालचं होतं तसंच उघडेल."

तोवर भाची दारात आली होती. "नको ना, आत्या."

"टाके माझे आहेत. ठेवायचे तर मी ठेवीन, काढायचे तर मी काढीन. तू तुझं काम कर."

मग एकेक टाका निघत गेला. सकाळपासून घातलेलं काम त्या स्वतःच्या हातानं काढत होत्या, घाई न करता, जसे टाके घातले त्याच्या बरोबर उलट क्रमानं. सीटा कालच्यासारख्याच उघड्या पडल्या, त्याच जखमा, त्याच जागी. कॅमेरामन पुढे सरकला तेव्हा आत्यांनी त्याला हातानं अडवलं. "याच्यापुढे येऊ नका. सुईची भोकं दिसतील." एरवी कुणाचं न ऐकणारा तो गृहस्थ निमूट मागे झाला.

सीन लहानसाच. कंडक्टर येतो, विचारतो हे कुणी केलं, आणि मुलीनं मान खाली घालून 'मी' म्हणायचं. आत्या कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होत्या, मुठीत उसवलेल्या दोऱ्याचा गुंता. कंडक्टरनं विचारलं. तिनं मान खाली घातली नाही. सरळ वर बघितलं, त्याच्याही पलीकडे, आणि म्हणाली, "मी."

बाईंनी 'कट' म्हणायला बराच वेळ घेतला. दुसऱ्यांदा घ्यायचं का असं कुणीतरी विचारलं, तर त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

दुपारनंतर आत्या आणि भाची समोरासमोर बसून सीटा पुन्हा शिवायला लागल्या. पोरीनं आपल्या बाजूची एक सीट एकटीनं पूर्ण केली. टाके दारू प्यायलेल्या मुंग्यांसारखे गेले होते. आत्यांनी वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि उसवलं नाही. ती सीट अजून तशीच धावते. कुणी बसायला लागलं की कंडक्टर सांगतो, जपून, ती हिरॉइनच्या हातची आहे.

सिनेमा आमच्या गावच्या थिएटरात लागला तेव्हा अख्खा डेपो गेला. मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत्यांनी आधी खुर्चीखाली हात घालून फोम तपासला, नापसंतीनं हुं केलं आणि बसल्या. बसचा सीन आला. पडदाभर तिचा चेहरा, भोवती फाटलेल्या सीटा. 'मी' म्हणाली तेव्हा मागून एक ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आपली आहे." तोच, भांडणात हरलेला.

बाहेर आल्यावर मी आत्यांना विचारलं, सुईची भोकं दिसली का हो?

"कुठली भोकं?"

"सीटांवरची."

त्या थबकल्या. "सीटा मी बघितल्याच नाहीत रे," म्हणाल्या, आणि भाचीच्या पाठीवर हात ठेवून पुढे चालू लागल्या.

त्या बसच्या सगळ्या सीटा आता शिवलेल्या आहेत, एक सोडून. उजवीकडची, खिडकीजवळची. शूटिंगच्या संध्याकाळी आत्यांनी ती मुद्दाम ठेवली होती आणि मला सांगितलं होतं, "वाक्य तू विसरलास, टाके तू घालायचे." मी लगेच हो म्हणालो. तेव्हा मी कशालाही हो म्हणालो असतो. चिरेवर सध्या चिकटपट्टी आहे. मॅनेजर विचारतात तेव्हा आत्या सांगतात, काम एका शिकलेल्या माणसाकडे दिलंय, म्हणून वेळ लागतोय.

ती बस आली की मी हल्ली ती सोडून मागून येणारी पकडतो.